कोशिंबिरीला पाणी का सुटतं?

काकडी चोचवून मीठ घातलं की थोड्याच वेळात भांड्याच्या तळाशी पाणी जमतं. मीठ तर कोरडं होतं, मग हे पाणी आलं कुठून? काकडीच्याच पेशींतून.

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. तिच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं पातळ पटल असतं. त्यातून पाणी ये-जा करतं, विरघळलेलं मीठ मात्र सहजी जात नाही. ओल्या फोडींवर मीठ विरघळलं की त्यातले सोडियम आणि क्लोराइडचे भारित कण सुटे होतात. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन. त्यामुळे लोहचुंबकाला टाचण्या चिकटाव्यात तसे पाण्याचे रेणू या कणांना वेढतात. मग पेशीत परतणारे रेणू कमी आणि बाहेर पडणारे जास्त होतात. पेशींचा ताठपणा जातो, फोडी मऊ पडतात. पटलातून पाणी असं मिठाच्या बाजूला जाण्यालाच परासरण म्हणतात.

अनेक पेशींच्या पटलात पाण्यासाठी प्रथिनांच्या खास वाटाही असतात. त्यांचं नाव ॲक्वापोरिन. एकेका वाटेतून सेकंदाला अब्जावधी रेणू एका रांगेत जातात. या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं, तेही परासरणामुळेच. नुसतं पाणी शिरेत गेलं, तर रक्तातल्या तांबड्या पेशी पाणी ओढून फुगतील आणि फुटतील. कोशिंबिरीत मात्र मीठ आयत्या वेळी घाला, काकडी करकरीत राहील.