दीर्घिकांच्या गुच्छांची वाढ का मंदावली?

कृष्ण ऊर्जेमुळे विश्वाचं प्रसरण वेगवान होतंय, इथवर आपण मागच्या व्याख्यानात आलो होतो. मग ही ऊर्जा दीर्घिकांचे गुच्छ फाडून टाकते का? तर नाही. ती त्यांच्यात नवी भर पडू देत नाही.

विश्व सुमारे 3,80,000 वर्षांचं असतानाचा प्रकाश आजही आपल्यापर्यंत येतो. त्यात तापमानाचे फरक लाखात एक, इतके किरकोळ आहेत. म्हणजे पदार्थ जवळजवळ सारखाच पसरलेला होता. जिथे तो किंचित जास्त होता, तिथे गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचा पदार्थ ओढला. पदार्थ वाढला, म्हणून ओढही वाढली. हे झालं चक्रवाढ व्याज.

हा व्याजदर घटला कशाने? विश्वाचा आकार दुप्पट झाला की पदार्थाची घनता आठपट कमी होते. कृष्ण ऊर्जेची घनता मात्र, प्रचलित सिद्धान्तानुसार, तेवढीच राहते. त्यामुळे सुमारे 600 कोटी वर्षांपूर्वी प्रसरण वेग घेऊ लागलं आणि साधारण 350 कोटी वर्षांपूर्वी ही ऊर्जा पदार्थाला वरचढ ठरली. पदार्थ गोळा व्हायच्या आतच अंतरं वाढतात. विश्व ठरावीक पटीने फुगताना पूर्वी गुच्छ जेवढे वाढायचे, त्याच्या जवळपास निम्मेच आता वाढतात.

पुण्याच्या आयुका आणि आयसरमधल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये जाहीर केलेला 'सरस्वती' महागुच्छ म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्याचा विस्तार सुमारे 60 कोटी प्रकाशवर्षं आहे आणि त्याचा प्रकाश निघाला तो याच सत्तांतराच्या सुमारास. एवढी मोठी रचना तोवर कशी उभी राहिली, हे आपल्या सिद्धान्ताला सांगता आलं पाहिजे.

मुद्दल मात्र शाबूत आहे. 25 लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका आपल्याकडेच येतेय, कारण ती आपल्याशी गुरुत्वाकर्षणाने बांधलेली आहे. सुमारे 5 कोटी प्रकाशवर्षांवरचा कन्या राशीतला गुच्छ मात्र दूर चाललाय. कृष्ण ऊर्जा अशीच राहिली तर आपण त्याला कधीच जाऊन मिळणार नाही.

या वाढीचं मोजमाप ही एक कसोटीही आहे. प्रसरणाचा वेग आणि गुच्छांची वाढ या दोन्हींचा हिशेब जुळायला हवा. नाही जुळला, तर एक तर कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलते, किंवा आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तातच दुरुस्ती हवी. ॲरिझोनातलं 'डेसी' हे उपकरण एका वेळी 5,000 प्रकाशतंतूंनी दीर्घिकांचा प्रकाश टिपतं, ते हाच ताळा करायला.