रोजची भाकरी, सणाचे पान आणि डोहाळे

वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात राजकारण, इतिहास, संतवाङ्मय असे भारदस्त विषय शोभून दिसतात. त्या व्यासपीठावरून भाकरी, बिरडे आणि मोदक यांच्याविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. त्यातून वेळ संध्याकाळची, म्हणजे श्रोत्यांच्या पोटात भूक जागी होण्याची. तरीपण ज्या गोष्टीशी माणसाचा दिवसातून दोनदा संबंध येतो, तिची वर्षातून एकदा चौकशी करण्यात कमीपणा कसला? आम्ही येथे पाककृती सांगणार नाही. त्या सांगण्याचा अधिकार समोर बसलेल्या भगिनींचा आहे. आम्हाला एवढेच पाहायचे आहे की, महाड-पोलादपूरकडच्या घरांत जे शिजते ते तसेच का शिजते, आणि ते कोणाच्या इच्छेने शिजते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जमिनीत आहे. १९८१ पर्यंत ज्याला आपण कुलाबा जिल्हा म्हणत होतो, त्या रायगड जिल्ह्याचा हा आतला, सह्याद्रीला टेकलेला कोपरा. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. सावित्रीच्या काठच्या सखल खाचरांत भात होतो. पोलादपूरच्या बाजूला वर चढत गेले की खाचरे संपतात आणि उताराची वरकस जमीन लागते. तेथे पाणी थांबत नाही, माती पातळ असते. म्हणून तेथे नाचणी आणि वरी. एकाच तालुक्यात खालच्या वाडीतल्या ताटात भात आणि वरच्या वाडीतल्या ताटात नाचणीची भाकरी, हा भेद आवडीनिवडीचा नव्हे, उताराचा आहे. परंतु उताराचा भेद माणसांनी प्रतिष्ठेचा करून टाकला. भात खाणारा वरचा आणि नाचणी खाणारा खालचा, असे उलटेच झाले! पाहुणा आला की नाचणीची भाकरी झाकून ठेवायची आणि तांदूळ उसने आणायचे, ही रीत पुष्कळांनी आपल्या आजीच्या घरी पाहिली असेल.

यातली गंमत अशी की, शहरातला माणूस एकादशीला उपवास म्हणून वऱ्याचे तांदूळ खातो. डोंगरातल्या माणसाचा तो रोजचा भात होता. शहरातली आई तान्ह्या मुलाला नाचणीचे सत्त्व भरवते, आणि मूल मोठे झाले की नाचणीची भाकरी त्याच्या डब्यात द्यायला लाजते. आहारशास्त्राचा हिशेब मात्र स्वच्छ आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच सडलेल्या तांदळात ते दहाच्या आसपास भरते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा आपल्या आजीने झाकून ठेवलेली भाकरी जगाच्या पंगतीत मांडली गेली, असे म्हणायला हरकत नाही.

आता चुलीजवळ जाऊ. भात काढल्यावर खाचरात जी ओल उरते तिच्यावर वाल येतात. हे कडवे वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. तेव्हा कुठे बिरडे होते. इतका खटाटोप कशासाठी? चवीसाठी, हे खरेच. परंतु त्यात आणखी एक काम होते. धान्यात आणि कडधान्यात फायटेट नावाचे द्रव्य असते. ते अन्नातले लोह धरून ठेवते आणि शरीराला मिळू देत नाही. भिजवल्याने, मोड आणल्याने आणि आंबवल्याने हे द्रव्य कमी होते. बिरड्याला मोड आणणारी आणि नाचणीचे पीठ रात्रभर भिजवून सकाळी आंबील करणारी बाई फायटेटचे नाव जाणत नव्हती. तिच्या हाताला मात्र ते काम ठाऊक होते. कुळथाच्या पिठीत आमसूल टाकून ती लोखंडी कढईत रटरटू दिली, तर कढईतले थोडे लोहही आंबटाबरोबर पिठीत उतरते. ॲल्युमिनियमची भांडी आली, मग नॉनस्टिक तवे आले आणि विळ्या-कढयांचे लोखंड माळ्यावर गेले. सोय झाली हे नाकबूल नाही. सोयीबरोबर काय गेले, याचीही नोंद ठेवावी.

रोजच्या जेवणाचे दुसरे अंग म्हणजे बेगमी. आपल्याकडे तिला आगोट म्हणतात. पाऊस लागण्यापूर्वी लाकूडफाटा, मीठ-मिरची, कुळीथ, वाल, आणि खाडीकडून येणारे सुके बोंबील, सुकट, जवळा हे सारे घरात भरायचे. चार महिने वाट बंद, होडी बंद, अशा दिवसांत वाटीभर सुकट हे घरातले मांस असे. ऋतूही आपले देणे देऊन जातो. पहिल्या सरींबरोबर टाकळा, भारंगी, कुर्डू येतात; श्रावणात अळूचे फदफदे; ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टावाचून पिकलेल्या भाज्यांची मिसळ. त्या एका भाजीत जितके प्रकार एकत्र येतात, तितके एरवी आठवड्यातही आपल्या पोटात जात नाहीत. व्रताच्या निमित्ताने का होईना, पानभर हिरवे पोटात जावे, ही योजना वाईट नव्हती.

येथून आपण सणाच्या पानाकडे येतो. सणाचे जेवण म्हणजे काय? वर्षभर ज्याचा तुटवडा, त्याची एका दिवसाची सुबत्ता. जेथे गूळ, नारळ आणि तांदळाची बारीक पिठी रोज परवडत नाही, तेथेच उकडीचा मोदक देवाचा होतो. शिमग्याची पुरणपोळी, नारळी पौर्णिमेचा नारळीभात, गौरी आल्या दिवशीची साधी भाजी-भाकरी आणि दुसऱ्या दिवशीचे गोडाचे, तर कोकणातल्या अनेक घरांत तिखटाचे पान; या सगळ्यांत वर्षाची भूक दिनदर्शिकेवर मांडलेली दिसते. आज गूळ-नारळ बारमाही मिळतात. म्हणून मोदकही बारमाही झाले, आणि त्यांची वाट पाहणे संपले. वाट पाहणे हा मोदकातला एक जिन्नस होता, असे आम्हाला वाटते.

परंतु वाट पाहिली जाते ती केवळ मोदकाची नव्हे. आपल्या तालुक्यांतल्या गावोगावचे पुरुष मुंबईला गेले. गिरण्यांत, गोदीत, दुकानांत लागले. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येणार म्हणून गावातले सणाचे पान ठरू लागले. मुलगा येणार म्हणून कोंबडा राखून ठेवायचा, नवऱ्याला आवडते म्हणून वड्याचे पीठ दळून ठेवायचे. मुंबईत त्या मुलाला काय मिळत होते? खानावळीचे जेवण. गिरणगावातल्या या खानावळी घराघरांतून बायका चालवीत. स्वतःच्या एका खोलीत पंधरा-वीस माणसांना जेवू घालणाऱ्या या बायकांना पैसा महिन्याअखेरीस मिळे आणि दुकानदाराची उधारी रोज वाढे. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून द्यावे, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. कोकणातल्या चाकरमान्याच्या जिभेला घराची चव परक्या शहरात देणारी जी बाई, ती स्वतः कर्जात होती, ही गोष्ट त्या मंडळामुळे प्रथम लोकांच्या नजरेला आली. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणाऱ्यांचे पगार थांबले आणि खानावळींची आवकही त्यांबरोबर आटली.

पान मांडले की दुसरा प्रश्न उभा राहतो: कोणाच्या शेजारी कोण बसणार? महाडकरांना या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. कोणताही स्वयंपाक पाण्यापासून सुरू होतो, आणि पाणी कोणी भरावे याचा देशातला एक मोठा झगडा आपल्याच गावात झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि तेथले पाणी प्याले. त्यानंतर उठलेल्या दंग्यात परिषदेच्या मांडवातील माणसांना मारहाण झाली, आणि त्यांच्यासाठी शिजवलेले अन्न मातीत मिसळण्यात आले. तळ्याचा निकाल उच्च न्यायालयात लागायला १९३७ साल उजाडले. आपण अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतो. ते पूर्णब्रह्म याच गावात पायदळी तुडवले गेले, ते त्याच्यावर कोणाचा हात होता एवढ्याच कारणासाठी. स्वयंपाकाच्या गोष्टी सांगताना ही गोष्ट वगळली, तर आमचे व्याख्यान बेचव होईल, आणि खोटेही.

घराबाहेरच्या पंगतीची ही कथा. घरातल्या पंगतीची काय? तेथे आधी देव, मग पाहुणे, मग पुरुष, मग मुले आणि सर्वांत शेवटी रांधणारी. तिच्या वाट्याला तव्यावरची शेवटची भाकरी आणि तळाशी राहिलेले कालवण. कोणी मुद्दाम उपाशी ठेवीत नाही. प्रत्येक जण आणखी थोडे मागतो, इतकेच. परिणाम आकड्यांत उतरला आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांपैकी सत्तावन्न स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. कारणे अनेक आहेत. ताटातला हा क्रम त्यांतले एक.

एकच प्रसंग असा की, ज्या वेळी घर तिला विचारते, “तुला काय खावेसे वाटते गं?” तो प्रसंग डोहाळ्यांचा. हा शब्द संस्कृत ‘दोहद’ या शब्दाच्या घराण्यातला आहे. सुश्रुताने सांगितले आहे की, चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय प्रकट होते. म्हणून ती स्त्री दोन हृदयांची होते आणि तिची इच्छा पुरवावी. विचार किती सुंदर! इच्छा तिची म्हणून नव्हे, तर तिच्या आतल्या जिवाची म्हणून का होईना, पण पुरवावी. त्यातूनच आपल्याकडचे डोहाळजेवण आले: कधी झोपाळ्यावरचे, कधी चांदण्यातले, कधी होडीतले. पाच-सात जणींनी आणलेले आंबट-गोड पदार्थ आणि झाकलेल्या वाट्यांतून पेढा की बर्फी ते ओळखण्याचा खेळ.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. गरोदरपणात वास आणि चव यांची जाणीव बदलते, मळमळते, आणि आंबटाने बरे वाटते. कैरी-चिंचेच्या ओढीचे एकच एक कारण मात्र शास्त्राने सांगितलेले नाही. परंतु एक डोहाळा असा आहे की तो ऐकून हसू नये. तो मातीचा. चुलीची भाजलेली माती, खापरीचा तुकडा, कच्चे तांदूळ चघळावेसे वाटणे, हे आपल्या खेड्यांतून नवे नाही. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त राजा दिलीपाला गर्भवती सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा वास येतो, म्हणजे राजवाड्यातही हा डोहाळा होता! कवीने त्याला पृथ्वीच्या उपभोगाचा शकुन मानले. आजचा डॉक्टर त्याला रक्तातल्या लोहाच्या तुटवड्याची खूण मानतो, आणि लोह मिळाले की ही ओढ पुष्कळदा ओसरते. माती खाऊन मात्र लोह मिळत नाही. उलट जंत पोटात जातात आणि अन्नातले लोहही अडते. म्हणून सुनेच्या पदराला मातीचा खडा सापडला तर तिला रागावू नये. तिला दवाखान्यात न्यावे, रक्त तपासावे, सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या सांगितलेले एकशेऐंशी दिवस घेऊ द्याव्यात, जेवणावर लिंबू पिळावे किंवा आवळा द्यावा, आणि जेवणाबरोबरचा चहा तासभर दूर ठेवावा; कारण चहा लोहाला अडवतो.

म्हणजे जिभेची ओढ ही नेहमीच चैन नसते. कधी ती शरीराने लिहिलेली अर्जी असते. चाकरमान्याला मुंबईत कुळथाच्या पिठीची आठवण येते, ती घराच्या मायेची अर्जी. डोंगरातल्या मुलाला सणाच्या मोदकाची ओढ लागते, ती वर्षभराच्या तुटवड्याची अर्जी. आणि मातीचा डोहाळा ही रक्ताची अर्जी. अर्जी वाचता आली पाहिजे, आणि त्याआधी ती मागवली पाहिजे.

आमचे सांगणे एवढेच आहे. सात महिने भरल्यावर जो प्रश्न आपण घरातल्या स्त्रीला समारंभाने विचारतो, तो एखाद्या साध्या मंगळवारी, काही निमित्त नसताना विचारावा. ती बहुधा म्हणेल, “मला काय, सगळे चालते.” ते उत्तर खरे मानू नये, दुसऱ्यांदा विचारावे. आणि त्या दिवशी पहिली गरम भाकरी तिच्या पानात पडावी. भाकरी नाचणीची असली तर अधिकच चांगले.

वेळ झाली आहे. घरोघर तवे तापत असतील. त्या तव्यांपाशी कोण उभे आहे, याची आठवण ठेवून आपण सर्वांनी घरी जावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.