कॉलेजाविना प्रोफेसर

बडोद्यात ‘प्रोफेसर’ म्हटलं की जुनी मराठी मंडळी कॉलेजचं नव्हे, दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नाव घेत. राजरत्न प्रो. माणिकराव हे तिथल्या वस्ताद जुम्मादादांचे पट्टशिष्य. त्या काळी नामांकित पहिलवान आणि कसरतपटूही ‘प्रोफेसर’ ही पदवी मिरवत. माणिकरावांना ती शोभली, कारण ते खरोखर शिकवत.

त्यांची मोठी कामगिरी संघव्यायामाची. पलटणीतली कवायत इंग्रजी हुकुमांवर चाले. माणिकरावांनी हिंदी आज्ञा बसवल्या आणि शेकडो मुलं एका हाकेसरशी लाठी फिरवू लागली. सैनिकी शिस्त अशी गोऱ्या साहेबाला वगळून आखाड्यात आली, हे मला त्यांच्या पिळदार दंडांपेक्षा मोलाचं वाटतं. निखळलेला सांधा बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता.

१९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे तयार झालेल्या जगन्नाथ गुणे या तरुणाने, म्हणजेच स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. व्यायामाची ही परंपरा ग्रंथांतही उतरली: दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांच्या मराठी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंडही बडोद्याचेच.