‘डिरॅक’ नावाचे एकक

न्यूटन, ज्यूल, वॅट ही एकके तुम्हांला पाठच असतील. ‘डिरॅक’ मात्र पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. तासाला एक शब्द म्हणजे एक डिरॅक! पॉल डिरॅक यांच्या अबोलपणावरून केंब्रिजमधील सहकाऱ्यांनी थट्टेने ते ठरविले होते. एकट्याने काम करावे, रविवारी एकट्यानेच दूरवर फिरून यावे, हा त्यांचा क्रम. इलेक्ट्रॉनचे सुप्रसिद्ध समीकरण त्यांनी १९२८ साली मांडले ते असेच.

नील्स बोर यांचे नेमके उलट. विचार करायला त्यांना समोर माणूस लागे. कोपनहेगनची त्यांची संस्था १९२१ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी कार्ल युंग यांचा अंतर्मुख व बहिर्मुख वृत्तींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपण बहुतेक जण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो.

मधल्या सुट्टीत एकट्या बसलेल्या मुलाला ‘माणूसघाणा’ म्हणून मोकळे होऊ नका. एकटे बसावेसे वाटणे निराळे, कोणी खेळायला घेत नाही म्हणून एकटे पडणे निराळे.

डिरॅक यांनाही संगत अगदीच नको होती असे नाही. १९२६ मध्ये ते कोपनहेगनला जाऊन काही महिने राहिले. बोर यांच्याशी लांबलचक गप्पा होत. बोलण्याचे काम बहुतेक बोरच करीत, असे डिरॅक यांनी पुढे सांगितले आहे.