ठाण्यातले पहिले चोवीस तास

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. खटला संघटित गुन्हेगारीविरोधी ‘मोक्का’ कायद्याच्या न्यायालयात चालला आणि २०१५ साली बारा जणांना शिक्षा झाली. त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली गेली, आणि त्या पाचांत मूळचा जळगावचा एक जण होता. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांच्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. कबुलीजबाब छळ करून घेतले गेले, हा आरोपींचा दावा न्यायालयानं मान्य केला. केईएम आणि भाभा रुग्णालयांतली वैद्यकीय कागदपत्रं त्यासाठी महत्त्वाची ठरली. वेगवेगळ्या माणसांच्या कबुल्यांतला बराच मजकूर जवळजवळ सारखा होता, हेही न्यायालयानं नोंदवलं. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयानं हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

मला या निकालात सर्वांत जास्त टोचतात ती मधली एकोणीस वर्षं. चौकशीच्या खोलीत जे घडलं ते न्यायालयापुढे सिद्ध व्हायला इतका काळ लागला. त्या स्फोटांत ज्यांची माणसं गेली, त्यांच्याही हाती काही आलं नाही. बळजबरीच्या कबुलीनं आरोपीचं आयुष्य जातं आणि खरा गुन्हेगारही निसटतो, म्हणून हा विषय केवळ आरोपींचा नाही.

पोलिसासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम आपल्याकडे १८६१च्या फौजदारी संहितेपासून आहे. १८७२च्या पुरावा कायद्यात तो कलम २५ म्हणून आला आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३मध्ये आहे. पोलीस कबुलीसाठी मारतात, हे इंग्रज सरकारलाही ठाऊक होतं, म्हणूनच तो केला गेला. महाराष्ट्रानं १९९९ साली मोक्कात त्याला अपवाद केला. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली कबुली मोक्काखाली पुरावा ठरते. मुंबईच्या खटल्यातले कबुलीजबाब याच वाटेनं आले होते. धुळ्याहून तासाभराच्या अंतरावरच्या मालेगावातही हेच दिसलं. तिथल्या २००६च्या स्फोटांसाठी पकडलेल्या नऊ जणांपैकी बहुतेक पाच वर्षं आत राहिले आणि २०१६ साली आरोपमुक्त झाले.

साध्या गुन्ह्यांत पळवाट वेगळी असते. आरोपीनं सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर त्याच्या सांगण्यातला तेवढाच भाग पुराव्यात येतो. म्हणून मोटारसायकल चोरीपासून दरोड्यापर्यंत चौकशीचा सगळा जोर ‘माल काढून दे’ यावर असतो. मग पंच बोलावले जातात, निवेदन पंचनामा होतो, आरोपी पुढे आणि पोलीस मागे चालतात. पंचनाम्यावर वेळ असते. त्याआधी त्या माणसाबरोबर काय झालं, ते कुठेच नसतं.

खानदेशात हा माणूस बहुधा कोण असतो, हे सांगायला इतिहासात जावं लागतं. १८२५ साली धरणगावी आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्ल पलटण उभी केली. ज्या समाजाला लुटारू ठरवलं, त्याच्याच पोरांच्या अंगावर गणवेश चढवून त्याच मुलखावर पहारा बसवला. पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मालाच गुन्हा ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, पण नजर गेली नाही. गावात घरफोडी झाली की पारध्याच्या पालावर गाडी आधी जाते. यावल, चोपडा, शिरपूरच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवरून पोरगा उचलला, तर बापाला कुठल्या ठाण्यात जायचं तेही नीट कळत नाही.

अशा वेळी घरच्यांना मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: ‘अटक नाही केली, चौकशीला बसवलंय.’ माझ्या मते सगळ्यांत मोठा अन्याय या ‘बसवलंय’मध्ये आहे. स्टेशन डायरीत नोंद नाही, म्हणून अटक नाही. अटक नाही, म्हणून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करण्याची घटनेच्या कलम २२ची अटही नाही, असा तो हिशोब. कायद्याला हा हिशोब मान्य नाही. माणसाला हवं तेव्हा उठून जाता येत नसेल, तर त्याच क्षणी तो अटकेत आहे, पोलिसांनी कागदावर वेळ कुठलीही टाको, हे मुंबई उच्च न्यायालयानं १९९० सालीच सांगितलंय. खरोखर केवळ चौकशी करायची असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)खाली नोटीस द्यावी लागते. स्त्रियांना, साठीपुढच्या माणसांना आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना साक्षीदार म्हणून विचारपूस करायची तर त्यांच्या घरीच जावं लागतं. रात्रभर जागवून जबाब घेण्याबद्दलही २०२४ साली उच्च न्यायालयानं ईडीला खडसावलं आणि झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचं सांगितलं.

खोलीच्या आत काय चालतं? ज्या उत्तरानं आपण गुन्ह्यात अडकू ते न देण्याचा हक्क घटनेच्या कलम २०(३)नं दिलाय; नंदिनी सत्पथी खटल्यात १९७८ साली तो ठाण्याच्या दारापर्यंत नेला गेला. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर मात्र घेता येतं, हे त्याआधी १९६१ साली मुंबई राज्याच्याच एका खटल्यात ठरलं होतं. नार्को चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१०च्या निकालानं पक्कं केलं. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, आणि ती मागणंच बेकायदा आहे. एवढं एक जरी गावोगाव कळलं तरी पुष्कळ काम होईल. अटक झालेल्याला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. पूर्ण वेळ वकील शेजारी बसलेला असेल असं मात्र नाही. अमेरिकेत १९६६च्या मिरांडा निकालानंतर वकील मागितला की प्रश्न थांबतात. आपण तिथवर पोहोचलो नाही.

कोठडीतल्या स्त्रीची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, आणि अटक होताच विधी सेवा समितीला कळवावं, हे १९८३ साली पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रामुळे मिळालं. मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या बायकांशी बोलून त्यांनी ते पत्र सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं होतं. डी. के. बसू खटल्याच्या १९९६च्या निकालानं अटकेचा पंचनामा, नातलगांना खबर आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. ही तपासणी बहुतेकदा ‘सिव्हिलला मेडिकल’ म्हणून दोन मिनिटांत उरकते. पोलीस शेजारी उभा असताना ‘काही त्रास?’ असा प्रश्न विचारला, तर उत्तर काय येणार? मुंबईच्या खटल्यात वैद्यकीय कागदांनीच माणसं वाचवली, हे जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक अपघात विभागातल्या डॉक्टरांनी लक्षात ठेवावं.

नव्या संहितेतली एक गोष्ट मला काळजीची वाटते. पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, संपून एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मिळाली की आरोपी सुटकेचा श्वास घ्यायचा; आता त्याला पुन्हा ठाण्यात नेता येतं. सीसीटीव्हीचा आदेश २०२० सालचा आहे: प्रत्येक ठाण्यात, कोठडीतही, आणि चित्रण शक्यतो अठरा महिने जपून. कॅमेरा चालू आहे का, हे विचारायला वकील हवा, आणि तो पहिल्याच रात्री हवा.

नोव्हेंबर २०२५मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढे पाऊल टाकलं. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, आणि तेही रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. खानदेशात या आदेशाचा कस लागणार आहे. मराठी कागद अहिराणी बोलणाऱ्या शेतमजुराला कसाबसा कळेल. पावरी बोलणाऱ्या आणि शाळेत न गेलेल्या माणसाला लेखी कागद देऊन काय उपयोग? चोपडा आणि शिरपूरच्या ठाण्यांत पावरी जाणणारा दुभाषी बोलावण्याची सोय हवी, आणि त्यानं कारणं वाचून सांगितल्याचं चित्रण व्हावं. आदिवासी माणसाला आणि कोठडीतल्या कुणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. हा क्रमांक ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर असावाच, पण पाड्यावरच्या आश्रमशाळेच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवरही असावा, कारण पोराला उचलल्यावर त्याचा बाप आधी तिथल्याच माणसाला विचारायला जातो.