मोजून बांधलेलं पुणं

मंडईच्या दगडी मनोऱ्यापासून तिच्या पायाखालच्या मेट्रो स्थानकापर्यंत बांधकामाचं तंत्र खूप पुढे आलं. मंडईभोवतीच्या पेठांतल्या साध्या इमारतींपर्यंत ते कितपत पोचलं?

पुण्याच्या मंडईला ज्यांचं नाव आहे, ते जोतीराव फुले स्वतः बांधकाम कंत्राटदार होते. ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’ या नावाने ते कामं घेत. खडकवासल्याच्या धरणासाठी त्यांनी साहित्य पुरवलं होतं. दगड, चुना, मजुरी आणि सरकारी बिलं हा सगळा व्यवहार त्यांना आतून ठाऊक होता. नगरपालिकेचे नियुक्त सदस्य असताना बाजाराच्या नव्या इमारतीवर मोठा खर्च करायला त्यांनी विरोध केला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. विरोध टिकला नाही. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ उभं राहिलं आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला फुल्यांचं नाव मिळालं.

बांधकामातल्या नव्या तंत्राविषयी बोलताना हा विरोध सोबत ठेवावा असा आहे. ज्याला इमारत कशी उभी राहते हे कळत होतं, त्यानेच ती कोणासाठी उभी राहते हे विचारलं होतं. आज मंडईखालून मेट्रो धावते. या एका जागेवर सव्वाशे-दीडशे वर्षांच्या अंतराने झालेली दोन बांधकामं शेजारी ठेवली, तर तंत्र नेमकं कुठे बदललं हे दिसतं आणि फुल्यांचा प्रश्नही नव्याने विचारता येतो.

दगडाचा भरवसा

रे मार्केटपूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरत असे. नवी इमारत खासगीवाल्यांच्या जागेवर आली. आराखडा रॉयल इंजिनिअर्समधल्या वॉल्टर ड्युकॅट यांचा, काम वासुदेव बापूजी कानिटकर या कंत्राटदाराचं. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून आठ दिशांना गेलेल्या पाखा, ही रचना आजही तशीच आहे. उंच छपरामुळे आणि कमानींमुळे वारा खेळता राहतो. नाशवंत माल विकायच्या जागेला हेच हवं होतं.

त्या काळी अशा बांधकामाची खात्री मुख्यतः वजनावर असे. कमानीवर येणारा भार दगडातून दगडाकडे दाबाच्या रूपाने खाली उतरतो आणि दगड दाबाला पक्का असतो. शंका आली तर भिंत आणखी जाड करायची. माहितीत जी उणीव असेल ती जास्तीच्या दगडाने भरून काढायची, असा तो हिशेब होता. गवंड्याच्या हातात ओळंबा आणि गुण्या असे, पायाखाली मुरूम की कातळ हे खोदून पाहिल्यावर कळे. ही पद्धत मागास नव्हती, तिने बांधलेलं आज उभं आहे. मात्र तिची एक अट होती: भोवती मोकळी जागा हवी. ओसरत्या १९व्या शतकात खासगीवाल्यांची जागा मिळाली म्हणून मंडई झाली. आज त्याच परिसरात हातभर जागाही रिकामी नाही.

पेठांच्या खालून

शिवाजीनगर ते स्वारगेट या पट्ट्यात मेट्रोचे खांब उभे करणं शक्यच नव्हतं. रस्ते अरुंद, वाड्यांना वाडे चिकटलेले, कसबा पेठेसारखी शहराची सर्वांत जुनी वस्ती. मार्ग जमिनीखाली गेला तो यामुळे. इथल्या कित्येक घरांचा पाया काही फूटच खोल आहे. बोगदा त्याच्या खूप खाली, २५-३० मीटरच्या आसपास, कातळात गेला की वरच्या घराला त्याची झळ कमी लागते.

पुण्याचा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. बोगद्याला तो चांगला, पण एकसारखा नाही. लाव्हा थरांनी वाहिला. एका थरात अभेद्य काळा पाषाण, दुसऱ्यात पोकळ्या भरून आलेला ठिसूळ दगड, दोन थरांच्या मध्ये कधी लालसर मातकट पट्टा. त्यात माणसाच्या हातची भर आहेच. १८व्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी बांधीव नळांनी शहरात आणलं. वाटेवर हवा खेळायला उच्छ्वास आणि पेठापेठांतून हौद केले. विहिरी, तळघरं, जुनी गटारं वेगळीच. पेठांखाली काय काय आहे याचा पुरा नकाशा कोणाजवळ नाही.

अशा जमिनीतून सुरुंग लावत जाणं जोखमीचं. यंत्राने बोगदा मारायची कल्पना दोनशे वर्षं जुनी आहे. लंडनमध्ये थेम्स नदीखालून बोगदा नेताना मार्क ब्रुनेल यांनी लोखंडी ढालीच्या आडोशाने खोदायची युक्ती काढली. जहाजाचं लाकूड पोखरणारा किडा आपल्यामागे भोकाला अस्तर लावत जातो, हे पाहून ती त्यांना सुचली असं सांगतात. १८२५ मध्ये सुरू झालेला तो बोगदा १८४३ मध्ये खुला झाला. दरम्यान नदी अनेकदा आत घुसली आणि माणसं दगावली.

पुण्यात उतरलेली यंत्रं त्याच कल्पनेची वंशज. त्यांना ‘मुळा’, ‘मुठा’ आणि ‘पवना’ ही नावं दिली होती. काहींना शेतकी महाविद्यालयाकडून निघायचं, काहींना स्वारगेटकडून, अशी दोन टोकांनी कामं चालली. यंत्राच्या तोंडाशी साडेसहा मीटरांहून थोडी मोठी फिरती तबकडी असते आणि तिच्यावर कठीण पोलादाच्या चकत्या. चकत्या दगड कापत नाहीत, त्याच्यात दाबाने खोबणी पाडतात. शेजारशेजारच्या दोन खोबणींमधला दगड तडकून ढलप्या निघतात. हा राडा मागे नेला जातो. यंत्राच्या पाठीशी, कारखान्यात आधीच ओतून ठेवलेल्या काँक्रीटच्या वक्र तुकड्यांचं कडं बसतं, आणि त्याच कड्याला रेटा देऊन यंत्र पुढे सरकतं. कडं आणि खडक यांमधल्या फटीत सिमेंटचा घोल दाबून भरतात. ही फट रिकामी राहिली तर वरची जमीन खचू शकते. मुठा नदीचं पात्रही असंच खालून ओलांडलं. दोन्ही बोगदे मिळून सुमारे १२ किलोमीटरचं काम जून २०२२ मध्ये पुरं झालं.

खरी नवलाई मोजणीत

एवढ्या अवाढव्य यंत्रापुढे मोजमापाची साधनं किरकोळ वाटतात. पण पेठा वाचवायच्या असतील तर भार या साधनांवरच असतो. बोगदा वस्तीखालून जातो तेव्हा वरच्या इमारतींवर खुणा ठोकतात आणि जमीन किती खचली ते ठराविक वेळाने मोजतात. भिंत कललीय का, जुनी भेग रुंदावतेय का, भूजलाची पातळी घसरली का, कंप किती आहे, या प्रत्येकासाठी वेगळं उपकरण असतं. खचणं मिलिमीटरमध्ये मोजतात आणि कंप सेकंदाला किती मिलिमीटर यावर. प्रत्येक मोजणीला आधीच मर्यादा ठरवलेली असते. पहिली ओलांडली की मोजण्या वाढवतात, पुढची ओलांडली की काम थांबवून उपाय करतात.

मंडईच्या दगडी इमारतीत खात्री आधी घालून ठेवलेली होती. बोगद्यात ती रोज नव्याने मिळवावी लागते. अंदाज चुकला तर तो भेग पडायच्या आत कळावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. आराखड्याचंही तसंच झालं आहे. पुण्याची मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रोने नागपूर मेट्रोपासून त्रिमितीय संगणकी नमुन्याला वेळापत्रक आणि खर्च जोडून काम चालवलं. कुठल्या भिंतीतून कुठली वाहिनी जाणार, दोघांची टक्कर होणार का, हे पडद्यावर आधी दिसतं. भिंत बांधून मग फोडायची वेळ टळते.

नवं तंत्र दर वेळी अवाढव्य असतं असंही नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर पाण्याच्याच पातळीने उघडणारे-मिटणारे दरवाजे बसवले, ते १९०३ मध्ये. धरणाची भिंत होती तीच. साठा वाढला आणि पुराच्या वेळी पाण्याला वाटही राहिली. थोड्या साहित्यात जास्त काम करून घेणं, ही कसोटी तेव्हाही होती.

यंत्र थांबतं तिथे

बोगदा खालून गेला तरी स्थानकासाठी वरून जमीन उघडावीच लागते. जिने, सरकते जिने, हवा, आग विझवायची सोय हे सगळं वर आणायचं असतं. मंडईच्या परिसराने खोदकाम, पत्र्यांचे अडसर आणि धूळ वर्षानुवर्षं सोसली. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला, आणि महिना उलटायच्या आतच एका मध्यरात्री मंडई स्थानकात आग लागली. वेल्डिंगच्या ठिणगीने तिथल्या फोमने पेट घेतला. कोणी जखमी झालं नाही, अग्निशमन दलाने ती लवकर आटोक्यात आणली. ठिणगीचं काम करताना जवळचं ज्वलनशील सामान हलवायचं, हा नियम मेट्रोहून फार जुना आहे. तो पाळायला सेन्सर लागत नाही, कामावर जाब विचारणारं माणूस लागतं.

पेठेत काय पोचलं?

सर्वसामान्य घरांच्या बांधकामातही बरंच बदललं आहे. काँक्रीट तयार होऊन गाडीतून येतं, विटांच्या जागी हलके ब्लॉक येतात, मोठ्या संकुलांत ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंत आणि स्लॅब एकत्र ओततात. हे शहराच्या कडेच्या मोठ्या प्रकल्पांत. शुक्रवार किंवा बुधवार पेठेत एखादा वाडा पाडून लहान प्लॉटवर इमारत उभी राहते, तेव्हा गाडी गल्लीत शिरत नाही, साचे परवडत नाहीत आणि काम घमेल्यावरच चालतं. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते मोजणी न होणं. तळमजल्याखाली गाड्यांसाठी खड्डा घेतला जातो, शेजारच्या जुन्या वाड्याची भिंत त्या खड्ड्याच्या काठावर येते आणि ती हलतेय का हे पाहायची सोय बहुधा शेजाऱ्याच्या डोळ्यांवर सोडलेली असते. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची रचना तपासून घ्यायची तरतूद कायद्यात आहे. तिची आठवण सहसा पावसाळ्याच्या तोंडी, धोकादायक वाड्यांच्या नोटिसांसोबत होते.

इथे फुल्यांचा प्रश्न परत विचारायला हवा, आणि तो आता खर्चाच्या आकड्यांतही सोडवता येतो. बोगद्याची यंत्रं महाग आहेत, त्यांच्या मागची शिस्त महाग नाही. भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली आणि तारीख लिहिली, की भिंत हलल्याचं ती तडकून सांगते. अभियंते हे पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. कंप मोजणारं उपकरण भाड्याने मिळतं. काँक्रीटचा दर्जा भिंत न फोडता हातोडीसारख्या साधनाने किंवा ध्वनिलहरींनी तपासता येतो. पेठेतल्या कुठल्याही खोदकामाला परवानगी देताना महापालिकेने तीन अटी घालाव्यात. खोदायच्या आधी शेजारच्या घरांची छायाचित्रांसह नोंद. काम चालू असेतो ठराविक दिवसांनी मोजणी. आणि ती नोंद शेजाऱ्यालाही बघायला मिळण्याची सोय. मेट्रोच्या बोगद्यावरच्या घरांना जी काळजी मिळाली तिचा हा छोटा वाटा आहे. खर्च कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात एका ओळीत बसेल, आणि ती ओळ घालायला नव्या शोधाची वाट पाहायची गरज नाही.