उपरण्याखालचा भाव
चऱ्होलीच्या उत्तरेला चाकणचा जनावरांचा बाजार. अशा बाजारांतली जुनी रीत म्हणजे बैलाचा भाव तोंडाने बोलायचाच नाही. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात. जितकी बोटं दाबली, तितका आकडा. शेकडा की हजार, हे जनावर बघून कळतं. बघ्यांना दिसतात फक्त चेहरे, आणि तेही मुरलेले!

चाकणच्याच औद्योगिक पट्ट्यात मात्र अंगठ्याचं राज्य. अंगठा दाखवणं म्हणजे चक्क फसवणं. पण मोबाइलवर तोच होकार देतो, कारखान्याच्या दारात हजेरी लावतो. वर्गात करंगळी वर झाली की गुरुजी समजतात. आजी नातवावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडते, ती दृष्ट काढायला. शेजारणीच्या नावाने मोडली, तर शिव्याशाप.